तासगाव तालुक्यातली ज्येष्ठांची नैराश्य तपासणी: प्रश्न योग्य, पाठपुरावा अपुरा

गावातला ज्येष्ठ नागरिक संघ आणि एक स्वयंसेवी संस्था मिळून साठीपुढच्यांसाठी ही मोफत तपासणी देवळाच्या सभामंडपात घेतात. आधी बीपी, मग साखर, शेवटी मनाविषयीचे प्रश्न. हा क्रम फार विचारपूर्वक ठेवलेला आहे. नुसता ‘मानसिक तपासणी’ असा फलक लावला असता, तर निम्मी पुरुष मंडळी पारावरूनच माघारी गेली असती. आपल्याकडचा सत्तरीतला माणूस ‘मी उदास आहे’ असं म्हणत नाही. झोप लागत नाही, अन्न गोड लागत नाही, अंगात त्राण नाही, असं सांगतो. बीपीच्या टेबलाशी हेच ऐकून मग मनाच्या प्रश्नांकडे वळता येतं.

पहिल्या टप्प्यात दोनच प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही असं किती दिवस झालं? आणि उदास, निराश किती दिवस वाटलं? प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज ३ किंवा जास्त आली की दुसऱ्या टप्प्यात वृद्धांमधलं नैराश्य ओळखण्यासाठीची पंधरा प्रश्नांची ‘जीडीएस’ चाचणी. तीत फक्त गेल्या आठवड्याबद्दल विचारायचं आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर घ्यायचं. ५ किंवा त्याहून जास्त गुण आले तर डॉक्टरांनी तपासायला हवं. गुणांवरून निदान होत नाही, फक्त शंका येते. थायरॉइड, रक्तक्षय, बी-१२ ची कमतरता यांतही माणूस असाच मलूल दिसतो, म्हणून रक्ततपासणी आधी.

गडबड होते ती बेरजेत. पंधरापैकी दहा प्रश्नांना ‘हो’ म्हटल्यावर गुण पडतो, पण १, ५, ७, ११ आणि १३ या पाच प्रश्नांना ‘नाही’ म्हटल्यावर. ‘आयुष्याबद्दल समाधानी आहात का’ हा त्यातलाच एक. इथे काही कागदांवर सरसकट ‘हो’ मोजलेले दिसतात. अशा बेरजेत आनंदी आजोबांना ५ गुण पडतात आणि खरंच खचलेल्या आजीचे गुण घटतात. या पाच ओळींवर छापतानाच खूण केली तर हा घोळ संपेल. दुसरी अडचण ‘चाललंय’ या उत्तराची. त्याला ‘हो’ धरायचं नाही आणि ‘नाही’ही धरायचं नाही, प्रश्न सावकाश पुन्हा विचारायचा. स्मरणशक्ती बरीच कमी झालेल्यांसाठी ही चाचणी भरवशाची नाही, तिथे घरच्यांशी वेगळं बोलावं.

आणखी एक मोठी उणीव: या पंधरा प्रश्नांत आत्महत्येबद्दल थेट प्रश्नच नाही. तो वेगळा विचारावा लागतो, आणि इथे तो विचारला जात नाही. ‘जगणं संपवावं असं मनात येतं का?’ असं विचारल्यानं विचार बळावत नाही. बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर काही ठरवलंय का तेही विचारायचं, माणसाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. गरज पडली तर १०८. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो. पोलिसांच्या भीतीनं घरं गप्प बसतात, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न तीव्र ताणातून झाला असं गृहीत धरतं आणि उपचार करण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं.

सभामंडपात खासगीपणा नाही. सूनबाई शेजारी बसून आजींच्या वतीनं उत्तरं देतात, ऐकू कमी येणाऱ्यांशी मोठ्यानं बोलावं लागतं आणि सगळं गाव ऐकतं. शाळेची एखादी खोली मागून घेतली तर हे सुटेल.

तपासणीची खरी किंमत तिच्यानंतर कळते. जपानच्या निइगाता प्रांतातल्या मात्सुनोयामा या डोंगराळ गावात १९८०च्या दशकात असंच काम सुरू झालं: वृद्धांची तपासणी, मग डॉक्टरांचे उपचार आणि आरोग्य परिचारिकांच्या घरभेटी. तिथं वृद्धांच्या आत्महत्या घटल्या, आणि जपानात अशा कामाचा परिणाम पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक ठळक दिसला. इथे मात्र हातात चिठ्ठी दिली जाते आणि मिरजेला जा म्हणतात. सोबत कोण जाणार, एसटी कोणती, पुढची तारीख कोण आठवण करून देणार, याचं उत्तर कोणाकडे नाही. नैराश्याची गोळी सुरू झाली तरी फरक दिसायला काही आठवडे लागतात, वृद्धांत जरा जास्तच. तेवढ्यात ‘गुण नाही’ म्हणून ती बंद होते. शिवाय काही गोळ्यांनी वृद्धांच्या रक्तातलं सोडियम घटून गोंधळ उडतो, तोल जातो, म्हणून पहिल्या काही आठवड्यांतच ते तपासावं. एवढ्यासाठी तरी पंधरवड्यातून एकदा आशाताईंनी किंवा संघातल्या कोणी घरी डोकावायलाच हवं.

द्राक्षपट्ट्यात घरोघरी फवारणीची औषधं पडून असतात. संस्था कुलपाची पेटी घ्या म्हणते. हेतू चांगला आहे, पण श्रीलंकेत गावोगाव पेट्या वाटून केलेल्या मोठ्या अभ्यासात विषप्राशन रोखायला त्यांचा उपयोग दिसला नाही. अतिघातक कीटकनाशकांवर बंदी घातल्यावर मात्र मृत्यू बरेच घटले. तेव्हा लागेल तेवढंच औषध आणावं, जादा साठा घरात नकोच. झोपेच्या गोळ्याही आठवड्यापुरत्याच घरात असाव्यात.

पाचपैकी तीन तारे. घरच्या ज्येष्ठांना जरूर न्या, सोबत चष्मा, कानाचं यंत्र आणि चालू गोळ्यांची पाकिटं घ्या. निघताना गुणांचा कागद मागून घ्या, त्या पाच प्रश्नांची बेरीज स्वतः तपासा, आणि पुढची भेट कोण, कधी घेणार हे कागदावर लिहून घ्या.