पॅलिएटिव्ह केअर क्लिनिक, बडोदा: चार स्टार, पाचवा जिन्याने खाल्ला

सासरे, म्हणजे अण्णा, सीओपीडीचे (फुफ्फुसांचा जुनाट, धाप लागणारा आजार) जुने पेशंट. मागच्या थंडीत आयसीयूतून आले तेव्हापासून घरात ऑक्सिजनचं मशीन आहे. छातीच्या डॉक्टरांनीच इकडे पाठवलं. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे मोठ्या आजारात पेशंटचा त्रास कमी करणारे उपचार. आमचे हे आधी तयारच नव्हते, म्हणे तिथे कॅन्सरचे शेवटचे पेशंट जातात. तसं काही नाही. हार्टचे, किडनीचे, सगळे येतात, आणि चालू औषधं सोडावी लागत नाहीत.

डॉक्टर मॅडमनी फाइल बाजूला सारली, खुर्ची अण्णांसमोर ओढली. "काका, आजाराबद्दल तुम्हाला काय काय सांगितलंय? अजून काय विचारायचंय?" हे मध्येच बोलायला लागले, तर "भाऊ, तुमचंही ऐकते, आधी काकांचं होऊ दे."

अण्णा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, मरायची भीती नाही, गुदमरायची आहे. आणि आयसीयूत कवळी, चष्मा, कानाचं यंत्र सगळं काढून ठेवलं होतं, समोर कोण उभंय तेच कळेना. घरी हे कधी बोलले नव्हते.

मग एकेक ठरलं. न्यूमोनिया झाला तर अँटिबायोटिक हवंच. बायपॅपचा (दाबाने हवा देणाऱ्या मशीनचा) मास्क लावून बघायचा, पण त्याने भागलं नाही तर घशात नळी घालून व्हेंटिलेटर नको. मॉर्फिनच्या छोट्या डोसाने धाप सुसह्य होते, हे मला तिथेच कळलं. शक्यतो घरी, दांडिया बाजारातच, झोपाळ्याच्या खोलीत.

लिव्हिंग विल, म्हणजे पुढे बोलता आलं नाही तर कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायचं, तेही नीट समजावलं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये मान्यता दिली तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर पुरतो. मत बदललं तर रद्द करता येतं. वेळ आली तरी डॉक्टरांची दोन मंडळं बघतात, मगच अंमल. आतेसासूबाईंना वाटत होतं सही केली की औषधपाणी बंद, त्या हे ऐकून जरा निवल्या. आपल्या वतीने बोलणारं माणूस म्हणून अण्णांनी माझं नाव घातलं. ह्यांना ते अजून पचलेलं नाही.

तक्रार एकच: क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. धापेच्या पेशंटला! आधी फोन केलात तर खाली खुर्ची घेऊन माणूस येतो, पण हे बोर्डावर लिहायला काय होतं?

जुने डिस्चार्ज पेपर आणि गोळ्यांच्या स्ट्रिप्स सोबत ठेवा. आणि पेशंटलाच न्या, नुसते रिपोर्ट घेऊन गेलात तर मॅडम परत पाठवतात.