कॅथोलिक विवाह न्यायालय : घटस्फोट मागायला जाऊ नका

धर्मप्रांताच्या विवाह न्यायालयात, म्हणजे सगळे ज्याला ट्रायब्युनल म्हणतात तिथे, बरेच अर्जदार घटस्फोटाच्या अपेक्षेने जातात. घटस्फोट तिथे मिळत नाही. लग्न लागले त्या दिवशी तो विवाह वैध होता की नव्हता, एवढेच हे न्यायालय तपासते. हे आधी नीट समजून घेतले तर ही सेवा फार मोलाची आहे; नाही तर निव्वळ मनस्ताप.

याचे मूळ पवित्र शास्त्रात आहे. मार्क 10:11-12 आणि लूक 16:18 इथे येशू एकही सवलत ठेवत नाही: जोडीदाराला टाकून दुसरे लग्न करणे हा व्यभिचार. मत्तय 5:32 आणि 19:9 मध्ये मात्र जारकर्माचा अपवाद येतो. पौल 1 करिंथ 7:15 मध्ये म्हणतो, की विश्वास न ठेवणारा जोडीदार निघून गेला तर दुसरा बांधलेला राहत नाही. मत्तय आणि पौल यांच्या आधारावर बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्या व्यभिचार आणि सोडून जाणे ही घटस्फोटाची कारणे मानतात; 1646 च्या वेस्टमिन्स्टर विश्वासनाम्यात हीच दोन आहेत. ऑर्थोडॉक्स चर्च दुसऱ्या, क्वचित तिसऱ्याही लग्नाला पश्चात्तापाच्या सुरात परवानगी देते. कॅथोलिक चर्च मत्तयातला अपवाद मुळातच अवैध असलेल्या विवाहांपुरता धरते. त्यामुळे बाप्तिस्मा झालेल्या दोघांचा, शरीरसंबंधाने पूर्ण झालेला विवाह मरणाशिवाय सुटत नाही, आणि तपासायला फक्त वैधता उरते.

अर्ज फसतात ते इथेच. दहा पाने भरून नवऱ्याची दारू, सासूचा जाच, मारहाण लिहिलेली असते आणि सगळे लग्नानंतरचे. न्यायाधीशांना हवी असते लग्नाआधीची आणि लग्नाच्या वेळची स्थिती. घरच्यांनी धाक घालून उभे केले का (चर्चच्या कायदासंहितेचे कलम 1103)? गंभीर गोष्ट मुद्दाम लपवून होकार मिळवला का (1098)? मूल होऊच द्यायचे नाही असे आधीच ठरले होते का (1101)? विवाहाची जबाबदारी पेलण्याची मानसिक क्षमता होती का (1095)? लग्नानंतरच्या घटना पुरावा म्हणून चालतात, पण त्यांचे मूळ लग्नाआधी दाखवता आले पाहिजे. म्हणून साक्षीदार निवडताना आत्ताचे शेजारी नकोत. साखरपुड्याच्या आधीपासून दोघांपैकी एकाला तरी जवळून ओळखणारे तीन-चार जण द्या.

दोघांचे नव्याने काढलेले बाप्तिस्म्याचे दाखले, चर्चचा विवाह दाखला आणि घटस्फोटाचा दिवाणी हुकूमनामा असेल तर त्याची प्रत जोडा. लग्न जिथे लागले, दोघांपैकी कोणीही जिथे राहते किंवा बहुतेक पुरावा जिथे आहे, अशा कोणत्याही धर्मप्रांतात अर्ज चालतो. समोरच्याची संमती लागत नाही. समन्स मिळूनही तो आला नाही तरी काम पुढे जाते. त्याचा पत्ता चुकीचा दिला तर मात्र फाईल तिथेच अडकते.

चर्चच्या कायद्यातल्या 2015 च्या सुधारणेने मोठा दिलासा दिला. पूर्वी विवाह अवैध ठरायला दोन न्यायालयांचे सारखे निकाल असावे लागत. आता एक पुरतो, आणि 15 दिवसांत अपील झाले नाही तर तो अंमलात येतो. दोघेही राजी असतील आणि पुरावा उघड असेल तर बिशपांपुढे थोडक्यात सुनावणी होते. पहिल्या टप्प्याला वर्षापेक्षा जास्त लागू नये असे संहिता सांगते. प्रत्यक्षात साक्षी आणि मानसतज्ज्ञाच्या अहवालापायी मुदत ओलांडली जाते. या सेवेतली ही सर्वात दुखरी बाजू आहे, कारण वाट पाहणाऱ्याचे आयुष्य तिथेच खोळंबते. खर्चाचा आकडा अर्जाच्या दिवशीच विचारा. ऐपत नसेल तर सवलत मागण्यात संकोच नको.

ज्याच्या घरात जीवाला धोका आहे त्याने निकालाची वाट बघायचीच नाही. कलम 1153 नुसार अशा वेळी स्वतःच्या निर्णयाने वेगळे राहता येते, आणि पौलही 1 करिंथ 7:11 मध्ये वेगळे राहण्याची शक्यता धरूनच बोलतो. 'देवाने जे जोडले आहे' हे वचन ऐकवून मार खाणाऱ्या बाईला परत पाठवणे हा त्या वचनाचा गैरवापर आहे. वेगळे राहणाऱ्याला किंवा दिवाणी घटस्फोट घेऊन पुन्हा लग्न न केलेल्याला, केवळ त्या कारणाने ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन) नाकारता येत नाही. मुले अनौरस ठरतील ही भीतीही खोटी आहे. कलम 1137 तसे होऊ देत नाही.

शेवटची गाठ कायद्याची. चर्चच्या निकालाने सरकारदरबारी विवाह संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये पुन्हा स्पष्ट केले. महाराष्ट्रात 1869 च्या घटस्फोट कायद्याखाली कोर्टाचा हुकूम घ्यावाच लागतो. परस्पर संमतीची वाट 2001 मध्ये आलेल्या कलम 10अ ने खुली केली. गोव्याचा कौटुंबिक कायदा वेगळा आहे, तिथल्या वकिलालाच विचारा. निकाल हातात आल्यावर त्यात पुनर्विवाहाला मनाईची अट आहे का ते वाचा, आणि बाप्तिस्मा झालेल्या चर्चमधून नवा दाखला काढून निकालाची नोंद चढली आहे का ते तपासा. ती नोंद नसेल तर नव्या लग्नाच्या घोषणेच्या वेळी सगळे पुन्हा अडते.