रत्नागिरीतला वॉरगेम वीकेंड: गेम भारी, डीब्रीफ उरकलेलं

एसएसबीची (सैन्यात अधिकारी निवडायच्या मुलाखतीची) तयारी करणाऱ्या पोरांसाठी एक रिटायर्ड नेव्हीवाले सर रत्नागिरीत वीकेंडला वॉरगेम घेतात. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रार पण आहे.

कॉम्प्युटरवर गोळ्या झाडायचा प्रकार नाही हा. टेबलावर आंजर्ल्यापासून जयगडपर्यंतचा नकाशा, दोन टीम वेगळ्या खोल्यांत आणि मध्ये सर अंपायर. आपल्या बोटीला दिसेल तेवढंच आपल्याला कळणार, बाकी चिठ्ठीवर. प्रशियाच्या (जर्मनीतलं जुनं राज्य) सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांना असंच शिकवायचे, पुढे १८७६ मध्ये तिथल्याच फॉन व्हर्डी नावाच्या अधिकाऱ्याने निकाल ठरवायचे फासे नि तक्ते बाजूला सारून सगळं अंपायरच्या अनुभवावर सोडलं, सर तेच व्हर्जन खेळवतात.

आमचा सीन: रात्री एक अनोळखी मचवा किनाऱ्याकडे येतोय. १९९३ ला रायगडातल्या शेखाडीला मुंबई बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स उतरलं होतं, त्यामुळे इकडच्या पोरांना हे वेगळं समजवायला लागत नाही. आम्हाला दोन गस्ती बोटी, एक आंजर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी ठेवली, एक बाहेर, प्लॅन एकदम झकास. आणि अर्ध्यात चिठ्ठी आली, बाहेरच्या बोटीचं इंजिन बंद, दाभोळच्या बाजूला होडी उलटलीय, माणसं पाण्यात. समोर वाळूचं घड्याळ चालू. सगळे एकदम बोलायला लागले, तेवढ्यात हर्णैचा एक पोरगा, बाप तांडेल (मच्छीमार बोटीचा म्होरक्या) आहे त्याचा, म्हणाला अरे ओहोटी लागलीय, मचवा आता आत शिरला तर वाळूवर बसेल, खाडीवरची बोट माणसांकडे सोडा. सरांनी भरतीचा तक्ता काढून बघितला आणि मान डोलावली!

प्रत्येक निर्णय कारणासकट कागदावर लिहून द्यायचा. नंतर डीब्रीफला, म्हणजे खेळानंतरच्या चर्चेत, सर हरलात की जिंकलात विचारतच नाहीत, तेव्हा तुला काय माहीत होतं, काय नुसतं गृहीत धरलंस आणि जुना प्लॅन नक्की कधी सोडलास, एवढंच. एसएसबीच्या ग्रुप प्लॅनिंगमध्ये अडचणी सगळ्या सुरुवातीलाच सांगतात, इथे मध्येच डाव फिरतो, खरी मजा त्यातच.

आता तक्रार. बॅच फुगवलीय राव. डीब्रीफला अर्ध्या पोरांचे कागद वाचलेच नाहीत, जेवणाची घाई, आणि ह्याचेच तर पैसे घेता ना तुम्ही? नकाशाची झेरॉक्स पण इतकी फिकट की पाण्याच्या खोलीचे आकडे मोबाईलचा टॉर्च मारून वाचले. वडापाव मात्र गरम.

जायचं असेल तर आधी फोन करून बॅचला किती पोरं आहेत ते विचारा, वीसच्या वर असतील तर पुढची तारीख घ्या.