हप्ते थकले: मुदत वाढवून घ्यावी की घर स्वतःच विकावं?

लातूरच्या मावसभावाला गृहकर्ज ६० दिवसांत फेडा, अशी बँकेची नोटीस आलीय. ९० दिवस हप्ता थकून खातं एनपीए (म्हणजे थकीत कर्ज) झालं की सरफेसी कायद्याखाली, म्हणजे कोर्टात न जाता गहाण घर ताब्यात घेऊन विकायची मुभा बँकेला देणाऱ्या कायद्याखाली, ही येऊ शकते. आता त्याला काय करावं सुचेना.

कर्जाची मुदत वाढवली तर हप्ता हलका होतो, पण एकूण व्याज बरंच वाढतं. शिवाय बँक हो म्हणेलच असं नाही. पुढची कमाई कागदावर दाखवावी लागते.

विकलं तर छप्पर जातं, पण भाव आपण ठरवतो. लिलावात गिऱ्हाईक पाडूनच मागतं. मात्र नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय विकता येत नाही, म्हणून इसार घेण्याआधी ती मिळवा. मूळ खरेदीखत बँकेतच असतं. गिऱ्हाईकाचे पैसे थेट कर्जखात्यात भरून घ्या, मग नादेय प्रमाणपत्र, म्हणजे काही देणं उरलं नाही असा बँकेचा दाखला, घ्या. आणि हे लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याआधी उरका.

सोयाबीनचे पैसे लांबलेत, पगार रखडलाय, पण येणार हे नक्की, त्यांनी मुदत मागावी. नोकरीच गेली असेल तर विकावं, उशीर करू नये. दोन्हीत नोटिशीला लेखी उत्तर द्याच. आक्षेप घेतला आणि बँकेला तो मान्य नसेल, तर तिला १५ दिवसांत त्याची कारणं कळवावी लागतात.