पडवीतलं वर्कशॉप: दहा महिने आणि एक पावसाळा

गेल्या दिवाळीनंतर रत्नागिरीच्या घराची मागची पडवी बंद करून लाकूडकामाचं वर्कशॉप केलं. जागा 14 बाय 7 फूट. वहीत भिंतभर हत्यारांचा नकाशा काढला होता, प्रत्येक पटाशीला वेगळी खुंटी. तो नकाशा जुलैत वाहून गेला म्हणा.

भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. स्क्रू धरायला भोकात ठोकायच्या छोट्या गिट्ट्या धरत नाहीत, नुसता भुगा पडतो, म्हणून लांब स्क्रूंनी 12 एमएमची प्लायच सरळ भिंतीला आवळली. पावसाळ्यात एक करवत काढताना हात मागे गेला तर प्लाय गारढोण, खालच्या कोपऱ्यात हिरवट बुरशी. चिरा पाणी पितो हे कोकणात वाढलेल्या माणसाला कोणी सांगायला हवं होतं का? सगळं उतरवून मध्ये इंचभर जाड पट्ट्या दिल्या. आता मागून वारा खेळतो.

गंज हा वेगळाच अध्याय. संध्याकाळी पुसून ठेवलेल्या रंध्याच्या पात्यावर सकाळी तपकिरी ठिपके. शिलाई मशीनचं तेल लावून बघितलं, पण ते लाकडाला लागतं आणि मग पॉलिश नीट बसत नाही. शेवटी पात्यांची हत्यारं एका जुन्या कपाटात कोंडली, खाली-वर भोकं पाडली आणि तळाशी 40 वॅटचा जुना तारेचा बल्ब लावला. एलईडी इथे कामाचा नाही, उबच हवी. बल्बला जाळी आहे आणि त्या कपाटात भुशाचा कणही जाऊ देत नाही. ऑगस्टभर एक ठिपका नाही!

बेंचवर मी खूश आहे, पण उशिरा झालो. पाय जुन्या घराच्या किंजळीच्या वाशांचे, वर 18 एमएमच्या मरीन प्लायचे दोन थर चिकटवलेले. हलत नाही, ढकलायला दोन माणसं लागतात. उंची मात्र नेटवर बघून 36 इंच ठेवली. माझी उंची 5 फूट 5. तासभर रंधा मारला की खांदे भरून यायचे. आई म्हणाली, "ओट्यापेक्षा उंच कशाला रे केलंस?" मार्चमध्ये पाय कापून 33 वर आणलं. आता हात खाली सोडले की मनगट बेंचला लागतं, अंगाचं वजन रंध्यावर येतं.

8 फुटी प्लाय आत वळत नाही. टेबल सॉ दाराच्या रेषेत ठेवल्यामुळे लांब फळी अंगणात निघते, पण पावसात ते बंद. अख्खी शीट मी मे महिन्यातच अंगणात थर्माकोलवर आडवी टाकून हातातल्या सर्क्युलर सॉनं पाडून घेतो.

वीज: वेगळी 4 स्क्वेअर एमएमची वायर, 16 अँपिअरचे चार सॉकेट, 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच. इथे पैसे वाचवू नका. ट्यूब पाठीमागे लावली होती, तर आखणीच्या रेघेवर स्वतःचीच सावली पडायची. ती बेंचच्या पुढे सरकवली.

बारा नगांचा स्वस्त पटाशी-सेट वाया गेला, वापरतो त्या तीनच.

गणपतीचा चौरंग इथेच केला, फणसाचा. त्याच फळ्यांचा बेंचखालचा ड्रॉवर मात्र जूनपासून दमट हवेनं फुगून घट्ट अडकलाय. रंधा मारायला हात शिवशिवतात, पण थंडीत तोच खुळखुळेल. फेब्रुवारीत बघू.