सांगलीत घरी खाऱ्या पाण्याचा टँक लावताना माझे १,३८,००० रुपये कसे गेले

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघतो. बावीस वर्षं झाली. आमच्याकडे हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय कुणी बोली लावत नाही आणि काट्यावर चढल्याशिवाय पोतं जागचं हलत नाही. असं असून मी घरात अडीचशे लिटरचा समुद्र उभा केला आणि त्यातलं एकही माप स्वतः घेतलं नाही. त्यात १,३८,००० रुपये गेले आणि अकरा जीव गेले. ज्याच्यामुळे हे झालं त्याच माणसाबद्दल गेल्या दोन महिन्यांत मिरजेच्या एकांनी आणि तासगावच्या एकांनी मला विचारलं. ते दोघं वाचले. बाकीचेही वाचावेत म्हणून सगळं लिहून काढतोय.

मुलगी आठवीत आहे. तिला क्लाउनफिश, म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांचे नारिंगी समुद्री मासे, हवे होते, मलाही लहानपणापासून माशांचं वेड. गोड्या पाण्याचे टँक मी पंधरा वर्षं सांभाळलेत, त्यामुळे खारं पाणी जमेल असं वाटलं. मोबाईलवर एका तरुणाचे व्हिडिओ बघितले. निळ्या लाईटखाली हलणारी कोरलं, नारिंगी मासे. फोन केला तर दुसऱ्याच दिवशी विश्रामबागला घरी हजर. बोलायला अतिशय गोड. "काका, तुम्ही फक्त जागा दाखवा, बाकी सगळं माझ्यावर सोडा." टँक, स्टँड, संप (खालची गाळणीची टाकी), स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र), वेव्हमेकर (लाटा काढणारा पंप), लाईट, खडक, वाळू, मीठ, मासे, सगळं धरून आकडा सांगितला. ॲडव्हान्स ६०,०००, उरलेले टप्प्याटप्प्यानं. बिल मागितलं तर म्हणाला, "बिलावर घेतलं तर जीएसटी पडेल काका, उगाच कशाला?" मी गप्प बसलो. पहिली चूक तिथं झाली.

गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या दिवशी सकाळी टँक लागला. नळाचं पाणी पाईपनं सरळ आत सोडलं. पांढऱ्या, बिननावाच्या गोणीतून नऊ किलो मीठ ओतलं. "इंपोर्टेड आहे, मोठ्या गोणीतून सुटं आणतो म्हणून तुम्हाला स्वस्त." मग एक छोटी बाटली ओतली, "यात बॅक्टेरिया आहेत." आणि तीन तासांनी त्याच पाण्यात दोन क्लाउनफिश, एक ब्लू टँग मासा आणि एक पिवळाधमक ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) सोडला. मी वाचलं होतं की टँक तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तसं बोललोही. तो हसला. "ते जुन्या काळातलं काका. आता बाटली येते."

पाणी तपासायच्या टेस्ट किटचं विचारलं, तर त्याचं उत्तर मला शब्दन् शब्द आठवतं. "कशाला खर्च करताय? मी आहे ना. दर रविवारी येऊन मीच बघतो." आणि खरंच यायचा. बाही वर करून बोट पाण्यात बुडवायचा, जिभेला लावायचा आणि म्हणायचा, "परफेक्ट." तीन महिने माझ्या टँकचं पाणी असं तपासलं गेलं.

तिसऱ्या दिवशी ब्लू टँग मेला. क्लाउनफिश पृष्ठभागाशी येऊन भराभर कल्ले हलवत होते. आठवड्याच्या आत तेही गेले. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू खडकांवर आणि वाळूवर वस्ती करतात, आणि ती वस्ती वाढायला आठवडे लागतात. चांगल्या बाटलीनं हा काळ कमी होऊ शकतो, पण झाला की नाही हे अमोनिया मोजल्याशिवाय कळत नाही. त्यात समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो. तेवढ्या पीएचला त्याच अमोनियाचा विषारी भाग गोड्या पाण्यातल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. गोड्या पाण्यातला माझा पंधरा वर्षांचा अनुभव इथं उपयोगाचा नव्हता.

तो मात्र म्हणाला, "काका, तुम्ही खायला जास्त घातलंत." मी मुलीला रागावलो, कारण सकाळचं खाद्य ती घालायची. ती दिवसभर बोलली नाही. आज सगळ्यात जास्त तेच लागतं. तिची काहीच चूक नव्हती. ब्लू टँग फूटभर वाढणारा मासा, चार फुटी टँकमध्ये तो द्यायलाच नको होता, हेही मला नंतर समजलं. पुढच्या रविवारी तो तीन डॅमसेल मासे आणि दोन क्लीनर श्रिंप (छोट्या कोळंब्या) घेऊन आला, अर्थात पैसे घेऊन.

आता त्या पिवळ्या ॲनिमोनचं. दुसऱ्या आठवड्यात मुलगी म्हणाली, "बाबा, हिचा रंग जातोय." मला खरं वाटलं नाही. मग स्किमरचा कप साफ करायला काढला. एरवी त्यात मळकट तपकिरी फेस असतो. त्या दिवशी पिवळं पाणी होतं. पांढऱ्या फडक्यानं कप पुसला आणि फडक्यावर उमटलेला डाग उजेडात धरून बघत राहिलो. हळदीला बाहेरून रंग चढवलेला असेल तर ओल्या बोटाला असाच उतरतो. माझ्या रोजच्या धंद्यातली लबाडी माझ्या घरात चार हजार रुपये मोजून आली होती.

ॲनिमोनच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते प्रकाशावर अन्न बनवतं आणि त्यावर हा प्राणी बराचसा जगतो. पकडताना, आणताना, अंधारात ठेवल्यानं हे शैवाल निघून गेलं की ॲनिमोन पांढरा पडतो. म्हणजे तो उपाशी असतो. असा पांढरा पडलेला प्राणी कोण घेणार? म्हणून त्याला रंगात बुडवतात. झगमगीत पिवळा, गुलाबी किंवा निळा ॲनिमोन कुणी समोर धरला तर आधी शंका घ्या. मुळात नव्या टँकमध्ये ॲनिमोन घालायचाच नसतो, टँक निदान सहा महिने मुरू द्यावा लागतो. आणि क्लाउनफिशला ॲनिमोन लागतोच असंही नाही. हे दोन्ही मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तो तर उलटंच सांगत होता.

डॅमसेलच्या अंगावर पांढरे ठिपके आले तेव्हा त्यानं निळं औषध दिलं, बाटलीवर नाव नाही. टाकल्यावर संध्याकाळपर्यंत दोन्ही श्रिंप उलटे पडले आणि ॲनिमोन रात्रीत विरघळल्यासारखा झाला. पाण्याला वास सुटला. माझा मावसभाऊ तासगावचा, द्राक्षबागवाला. बाटली हातात घेताच म्हणाला, "अरे, ही मोरचुदाची निळाई दिसतेय." मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, आणि द्राक्षावर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी हा रंग त्याच्या रोजच्या बघण्यातला. तांबं ठिपक्यांच्या रोगावर वापरतात हे खरं, पण वेगळ्या टँकमध्ये, मोजून. श्रिंप, ॲनिमोन, कोरल यांना ते विष आहे, शिवाय खडक आणि वाळू ते धरून ठेवतात.

मे महिन्यात आणखी एक गोष्ट घडत होती, ती तर मी माझ्या हातानं करत होतो. सांगलीच्या उन्हात रोज तीनेक लिटर पाणी उडून जायचं. त्यानं सांगितलं होतं, "तेवढंच मिठाचं पाणी करून भरा." मी इमानेइतबारे भरत होतो. पण उडतं ते फक्त पाणी, मीठ मागंच राहतं. लिटरला पस्तीस ग्रॅम धरलं तर रोज शंभर ग्रॅमच्या वर मीठ वाढत होतं. पंधरा दिवसांत दीड किलो. कमी झालेल्या पाण्याच्या जागी साधं, आरओ आणि डीआय या क्षार काढणाऱ्या फिल्टरमधून काढलेलं गोडं पाणी भरायचं असतं. हिशेब करणाऱ्या माणसाला हा हिशेब सुचायला हवा होता, आणि कुणी मोजायचं साधन हातात दिलं असतं तर सुचलाही असता.

डॅमसेलही गेले. तिसऱ्या खेपेला आणलेली क्लाउनफिशची जोडी गेली तेव्हा बायको म्हणाली, "आता या घरात जिवंत काही आणायचं नाही." तेव्हा कुठं मी बाहेर विचारपूस केली. कोल्हापूरचे एक गृहस्थ आठ वर्षं रीफ टँक (कोरलांचा खाऱ्या पाण्याचा टँक) चालवतात, ते स्वतःच्या खर्चानं आले आणि सोबत मापाची पेटी घेऊन आले. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या दुर्बिणीसारख्या साधनावर, पाण्याचा एक थेंब ठेवून त्यांनी मला डोळा लावायला सांगितलं. निळ्या-पांढऱ्याची रेघ १.०३२ वर होती. हवी १.०२५ च्या आसपास. तापमान ३१, हवं २४ ते २६. लिटरला मिलिग्रॅममध्ये कॅल्शियम १६०, हवं ४०० ते ४५०. मॅग्नेशियम २४०, हवं १,२५० च्या पुढं. तांब्याच्या चाचणीत रंग आला.

कॅल्शियमचा आकडा बघून त्यांनी गोणी मागवली, मीठ चिमटीत घेतलं आणि म्हणाले, हे साधं जाडं मीठ आहे. मग नीट समजावून सांगितलं. मिठागरात समुद्राचं पाणी आटतं तेव्हा कॅल्शियमचे क्षार आधीच तळाला बसतात, मग मिठाचे खडे धरतात, आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडवट पाण्यातच राहून जातं. त्यामुळे जाडं मीठ पाण्यात कालवलं तर खारटपणा येतो, समुद्र होत नाही. बोट चाखून दोन्ही सारखंच लागतं.

मी पैसे परत मागितले. गोड आवाज त्या दिवशी बदलला. पाडव्याची भेट म्हणून त्यानं टँकमध्ये शोभेसाठी पांढऱ्या दगडी कोरलाचे दोन तुकडे ठेवले होते. "काका, ते कोरल शेड्यूल एकमध्ये येतं. तक्रार करा, आधी वनखात्याची गाडी तुमच्या दारात येईल." मी तीन आठवडे झोपलो नाही. त्यानं सांगितलेलं हे एवढंच खरं होतं. दगडी कोरलं, समुद्री पंखे, समुद्रघोडे हे सगळे २००१ पासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शेड्यूल एकमध्ये आहेत, आणि मेलेला तुकडा बाळगणंही चालत नाही. शेवटी ओळखीच्या वकिलांना घेऊन मीच वनविभागाच्या कचेरीत गेलो, सगळी हकीकत लेखी दिली आणि तुकडे जमा केले. त्यांनी माझा जबाब घेतला. छातीवरचा दगड उतरला. तुमच्याकडे असं काही "भेट" म्हणून कुणी ठेवत असेल तर ती भेट नव्हे, तुमचं तोंड बंद करायची सोय आहे. दारातूनच परत करा.

वकिलांची नोटीस गेल्यावर दोन हप्त्यांत ४५,००० परत आले. बाकीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. बिल नसलं तरी यूपीआयचे व्यवहार, व्हॉट्सॲपवरचे निरोप आणि फोटो जोडले. २०१९ च्या कायद्यात बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. आधी नुसतं विचारायचं असेल तर १९१५ वर फोन लागतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण बिल नाही म्हणून काहीच होणार नाही अशा समजुतीत मी दोन महिने घालवले.

त्यानं मला लाखाच्या वर माल दिला, पण त्यात मोजायचं एकही साधन नव्हतं. पुढं रिफ्रॅक्टोमीटर आणि अमोनिया-नायट्राइटचं किट मी स्वतः घेतलं, दोन्ही मिळून पाच हजारांच्या आत. पाणी मोजता आलं असतं तर पहिल्याच आठवड्यात त्याला जाब विचारला असता. "किट कशाला, मी आहे ना" असं कुणी म्हणालं तर व्यवहार तिथंच थांबवा. आधी किट घ्या, मग टँक.

जुने खडक आणि वाळू टाकून दिली. कोल्हापूरच्या गृहस्थांच्या देखरेखीखाली टँक पुन्हा भरला, आरओ-डीआयचं पाणी, सीलबंद डब्यातलं मीठ, कोरडे खडक. जिवाणू वाढायला अमोनिया लागतो, तो कुजून तयार व्हावा म्हणून बाजारातल्या कोळंबीचा एक तुकडा टाकला, आणि बस. मुलगी रोज संध्याकाळी नळीत पाणी घेते, थेंब मोजून टाकते, पाच मिनिटं घड्याळ बघते आणि वहीत आकडा लिहिते. आज सदतिसावा दिवस. अमोनिया शून्य, नायट्राइटची नळी अजून जांभळी, म्हणजे नायट्राइट अजून आहे. टँकमध्ये मासा नाही, आणि तिनं अजून मागितलेलाही नाही.