स्लॅमसाठी ब्लॅकवूड की क्यू-बिड?

ब्रिजच्या बोलीत इस्पिक हुकूम ठरले, दोघांचे पत्ते भक्कम आहेत, आता सहाच्या बोलीपर्यंत, म्हणजे स्लॅमपर्यंत (तेरापैकी बारा हात), जायचं कसं, असं नव्या जोड्या नेहमी विचारतात.

शिकायला ब्लॅकवूड सोपं. पार्टनरकडे एक्के किती, हे चार नो ट्रम्प (बिनहुकमी) अशी बोली देऊन विचारायचं. पाच किलवर म्हणजे एकही एक्का नाही किंवा चारही, पाच चौकट म्हणजे एक, पाच बदाम दोन, पाच इस्पिक तीन. क्यू-बिडसाठी, म्हणजे एखाद्या रंगाची बोली देऊन त्यावर आपला ताबा (एक्का, राजा किंवा तो रंगच नसणं) आहे हे कळवण्यासाठी, मात्र पार्टनरशी आधी नीट बोलून घ्यावं लागतं.

माहितीत क्यू-बिड फार सरस. ब्लॅकवूड एक्के किती ते सांगतं, कुठले ते नाही. तुमच्याकडे किलवरची दोन बारीक पानं असतील आणि एक एक्का कमी निघाला, तर किलवरचा एक्का-राजा विरोधकांकडे असू शकतो. सुरुवातीचेच दोन हात गेले की स्लॅम बुडालं. एखादा रंग तुमच्याकडे नसेलच, तर पार्टनरचा एक्का नेमका त्याच रंगाचा निघून वाया जाऊ शकतो. क्यू-बिड रंगागणिक सांगतं, बहुधा गेमच्या बोलीच्या (इस्पिकात चार) आतच. पण त्यातून विरोधकांनाही उतारीचा (पहिलं पान कुठलं टाकावं याचा) सुगावा लागतो.

आणखी एक: किलवर हुकूम असतील तर ब्लॅकवूडमध्ये एका एक्क्याचं उत्तरच पाच किलवरच्या पुढे जातं.

सगळ्या रंगांत बळ असेल, किंवा पार्टनर नवा असेल, तर ब्लॅकवूड. कच्चा किंवा रिकामा रंग असेल आणि जोडी जमलेली असेल, तर आधी क्यू-बिड, मग लागलंच तर चार नो ट्रम्प.